गावात पालकवर्ग चालवायचा तर…

१९७२च्या दुष्काळानंतरची दीड-दोन दशके हिवरे बाजारच्या मुलांनी कशी काढली असतील? विहिरी उन्हाळ्याआधीच तळाला गेलेल्या, रानात काम नाही, कर्ती माणसे मजुरीसाठी बाहेरगावी, आणि जी गावात उरली त्यांतल्या अनेकांची संध्याकाळ दारूच्या गुत्त्यावर. नगरपासून (आताच्या अहिल्यानगरपासून) जेमतेम सतरा किलोमीटरवरच्या या गावात बदली होणे ही सरकारी नोकरांना शिक्षा वाटे.

१९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर आदर्शगाव योजनेतून जे घडले ते पाण्याची कथा म्हणून महाराष्ट्राला पाठ आहे: समतल चर, श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, उसाला आणि केळीला नकार, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हा नियम. १९९५मध्ये दारिद्र्यरेषेखाली असलेली १६८ कुटुंबे पुढे अवघ्या तिनावर आली. २०२०मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

हीच कथा पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून पाहिली तर वेगळी दिसते. गावातले २२ दारूअड्डे बंद झाले, आणि अड्डे चालवणाऱ्यांनाही दुसऱ्या धंद्यासाठी बँकेचे कर्ज मिळवून देण्यात आले. म्हणजे बाप संध्याकाळी शुद्धीवर घरी येऊ लागला. गाव सोडून गेलेली कुटुंबे परतली. दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेले दूध चार हजार लिटरच्या घरात गेले. धारेच्या दोन्ही वेळांना आईबाप घरच्या गोठ्यात असतात, दुसऱ्याच्या बांधावर नव्हे. शाळा सुधारणे हेही गावाने सुरुवातीच्या कामांमध्येच घेतले. या सगळ्याला कोणी ‘पालकत्वाचा कार्यक्रम’ म्हटले नाही. पण पालकवर्गाला, म्हणजे पालकांसाठीच्या वर्गाला, ज्या जमिनीवर उभे राहायचे असते ती जमीन यातूनच तयार झाली.

ज्या गावांत ती अजून तयार नाही, तिथे काय करायचे? अहिल्यानगर जिल्ह्यातच पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असल्याने न जाण्याची सोय नाही. मुलांपुढे दोनच वाटा: कारखान्याच्या थळावरची (मुक्कामावरची) कोपी, म्हणजे झोपडी, नाहीतर गावात आजी-आजोबा किंवा हंगामी वसतिगृह. वर्षातले पाच-सहा महिने आईबापांविना काढलेल्या मुलाशी नाते पुन्हा कसे जुळवायचे, हे त्या आईबापांना कोणीच सांगत नाही. व्यसन, कर्ज, एकटी आई, दुरावलेला बाप, आजारपण अशा घरांचीही गत तीच. माया कमी नसते. वेळ, झोप आणि सोबत कमी असते.

पालकवर्ग अशा घरांसाठी आहे. तो कसा चालवावा, याचे काही अनुभवसिद्ध मार्ग आहेत.

वर्गाने खरेच फरक पडतो का?

ग्रामसभेत हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो, म्हणून उत्तर तयार असावे. जमैकातील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ लहानग्यांवर एक अभ्यास सुरू झाला. त्यातील काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्त्या दर आठवड्याला तासभर जात. घरातल्याच वस्तूंची खेळणी घेऊन त्या आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवत. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा या मुलांची कमाई, ज्यांच्या घरी अशी भेट झाली नव्हती त्यांच्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती.

आपल्याला जवळचे उदाहरण ओडिशाचे. तिथल्या १९२ गावांत घरभेटी आणि आयांचे गट अशा दोन्ही पद्धती तपासल्या गेल्या. दोन्हींनी मुलांची समज आणि भाषा सुधारली, आणि गटाचा खर्च घरभेटींच्या तुलनेत तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आला. ज्या ग्रामपंचायतीकडे पैसा थोडा आणि ओसरी मोठी, तिच्यासाठी ही मोलाची माहिती आहे. २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मुलांवरील हिंसा रोखण्यासाठी आणि पालक-मुलांचे नाते सुधारण्यासाठी पालकांचे प्रशिक्षण सगळीकडे उपलब्ध असावे, अशी शिफारस केली.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे १९५७मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आईबापांना शिकवण्यासाठी वेगळे व्याख्यान लागले नाही. मूल काय करते ते त्यांना दारातच दिसू लागले. पुण्यात १९८७मध्ये ‘पालकनीती’ मासिक निघाले. त्याच परिवाराने १९९६मध्ये कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीतील मुलांसाठी ‘खेळघर’ सुरू केले आणि मुलांबरोबर त्यांच्या पालकांशीही संवाद ठेवला. अलीकडे युनिसेफ, सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि राज्याचा एकात्मिक बालविकास विभाग यांच्या ‘आरंभ’ उपक्रमातून अंगणवाड्यांमध्ये पालक मेळावे भरू लागले. तिथे पालक नुसते ऐकत बसत नाहीत; मांडलेल्या कोपऱ्यांवर मुलासोबत खेळून पाहतात.

बोलवायचे कसे?

‘व्यसनी पालकांसाठी वर्ग’ किंवा ‘गरीब कुटुंबांसाठी मार्गदर्शन’ असा फलक लावला की ज्याला यायला हवे तोच येत नाही. वर्ग सर्वांसाठी खुला ठेवावा. पण आमंत्रण मात्र घरोघर जाऊन द्यावे, आणि ज्या घरांना गरज जास्त तिथे आधी जावे, पुन्हा जावे. सरपंचाच्या सूनबाई आणि ऊसतोड करणारी आई एकाच चटईवर बसल्या तर कोणावर शिक्का बसत नाही. शिवाय मूल जेवत नाही, मोबाईल सोडत नाही, ऐकत नाही ही गाऱ्हाणी दोघींची सारखीच असतात.

वर्ग कोणी घ्यावा? जामखेडला १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला, तो गावातल्याच अल्पशिक्षित, बऱ्याचदा निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या करून. शेजारीण सांगते ते गळी उतरते, हा त्या कामाचा धडा. पालकवर्गालाही तो लागू आहे. दोन जणी आणि एक बाप्या असा तिघांचा संच पुरतो: अंगणवाडी सेविका किंवा आशाताई, गावाचा विश्वास असलेली एखादी अनुभवी आई, आणि मुलांशी मोकळेपणाने वागणारा एखादा बाप. सगळा भार सेविकेवर टाकू नये. पोषणाच्या नोंदी, वजने, आहार, सर्वेक्षणे यांत तिचा दिवस आधीच भरलेला असतो.

वेळ पालकांना विचारूनच ठरवावी. धारा उरकल्यावर की शेतावरून आल्यावर, हे गावागणिक बदलते. बाजाराचा वार टाळावा. दहा-बारा घरांचा एक गट, आठवड्यातून एकदा तासभर, असे आठ आठवडे ही सुरुवातीला झेपणारी मांडणी. खुर्च्या, माईक, हारतुरे, प्रमुख पाहुणे यांपैकी काही नको. गोलात बसावे. चहा असावा. लहान मुले सोबत असावीत, कारण निम्मा वर्ग त्यांच्यासोबतच करायचा आहे.

आठ बैठकांत काय घ्यावे?

प्रत्येक बैठकीला चार टप्पे असले की ती भरकटत नाही: मागच्या आठवड्यात घरी काय करून पाहिले, आजची एकच गोष्ट, ती लगेच मुलासोबत करून पाहणे, आणि घरी नेण्याजोगे एक छोटे काम.

पहिल्या बैठकीत वेळ शोधावा. हिवरे बाजारात पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडतात: पाऊस किती झाला, पिण्याला आणि जनावरांना किती, उरलेल्यात कोणते पीक परवडते. तसाच घराच्या दिवसाचा ताळेबंद मांडता येतो. जमिनीवर खडूने दिवसाचे तास आखायचे आणि प्रत्येकाने आपल्या कामांवर खडे ठेवायचे. पहाटे उठण्यापासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत आईचे खडे कुठे जातात, बापाचे कुठे, हे सर्वांना दिसते. काही घरांत कामाची वाटणी बदलण्याचे बोलणे तिथेच निघते. मग शोधायची ती फक्त दहा मिनिटे, जी पूर्णपणे मुलाची असतील. ती वेगळी काढावीच लागतात असे नाही. आंघोळ घालताना, शेंगा निवडताना, अंगणवाडीपर्यंत चालताना ती सापडतात. अट एकच: तेवढा वेळ मोबाईल खिशात आणि सूचना बंद.

दुसरी बैठक मुलाकडे पाहण्याची. पालकांनी पाच मिनिटे मुलाला काहीही न सांगता फक्त बघायचे आणि नंतर गटात सांगायचे: त्याने काय उचलले, कुणाकडे पाहिले, काय आवडले. वर्षभराच्या मुलाने बोट दाखवले की आईने त्या वस्तूचे नाव घ्यायचे, तो ‘ऊं’ म्हणाला की तिनेही उत्तर द्यायचे. पहिल्या तीन वर्षांत मेंदूची जडणघडण अशा देवाणघेवाणीवर होते. बोलता न येणाऱ्या बाळाशी काय बोलायचे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी ही बैठक मुद्दाम लांबवावी.

तिसरी खेळांची. विकतची खेळणी आणूच नयेत. डब्याची झाकणे, चिंचोके, कापडी चिंध्यांची बाहुली, वाट्या, पातेली, कणसाची बुरकुंडे यांतून रचणे, मोजणे, लपवणे, शोधणे सारे होते. चिंचोके, मणी तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नयेत, घशात अडकतात. हे आवर्जून सांगावे. आज्यांना या बैठकीला बोलवावे. गोष्टी, ओव्या आणि बडबडगीते त्यांच्याकडे असतात, आणि आईबाप कारखान्यावर गेल्यावर मूल त्यांच्याच हाती असते.

चौथी कौतुकाची. ‘शहाणं बाळ’ याने मुलाला काही कळत नाही. ‘न सांगता कोंबड्यांना दाणे टाकलेस’ याने कळते. दिवसातून एकदा तरी मुलाने केलेली एक गोष्ट नेमकी नाव घेऊन सांगायची, एवढेच गृहकाम. अनेक बापांना हे जड जाते. तोंडावर कौतुक केले तर पोर शेफारेल, ही समजूत पक्की असते. वाद घालू नये. आठवडाभर करून पाहा आणि मग बोलू, असे म्हणावे.

पाचवी बैठक माराची, आणि तीच सर्वांत अवघड. ‘आम्ही नाही का मार खाल्ला?’ हे वाक्य येणारच. त्यावर कायद्याचा बडगा दाखवून उपयोग नाही, तरी माहिती द्यावी: शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम १७ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली आहे. मग विचारावे, मार खाल्ला तेव्हा मनात काय आले होते? चूक कळली, की पुढच्या वेळी लपवायचे कसे हे कळले? त्यानंतर पर्याय करून दाखवावेत. नियम दोन-तीनच, पण रोज तेच. ‘पळू नकोस’ऐवजी ‘माझा हात धर’. चिडलेल्या मुलाला आधी शांत करायचे, समजवायचे नंतर. सांडले तर पुसायला लावायचे, मोडले तर दुरुस्तीला सोबत घ्यायचे. किशोरवयीन मुलांच्या घरी नियम त्यांच्यासोबत बसून ठरवायचे, मोबाईलचाही आणि घरी परतण्याच्या वेळेचाही.

सहावी पालकांच्या रागाची. मुलावर हात उगारला जातो तो बऱ्याचदा मुलामुळे नसतोच. सावकार दारात येऊन गेलेला असतो, मजुरी बुडालेली असते, रात्रभर झोप नसते. राग चढताना अंगात काय होते ते ओळखणे, दोन मिनिटे बाहेर जाऊन पाणी पिणे, लहानग्याला दुसऱ्या मोठ्या माणसाकडे देणे, या साध्या गोष्टी गटात आळीपाळीने करून पाहाव्यात. ज्यांना उदासी, झोप न लागणे, जगणे नकोसे वाटणे असा त्रास आहे, त्यांना ‘टेली मानस’ची १४४१६ ही मोफत मदतवाहिनी सांगावी.

सातवी बैठक व्यसन आणि घरातल्या भांडणांची. ही बायका आणि पुरुष यांची वेगवेगळी घ्यावी. मुलाला तीन गोष्टी कळायला हव्यात: यात तुझी चूक नाही, बापाला सुधारणे हे तुझे काम नाही, आणि भांडण पेटले तर तू अमुक घरी जायचे. ते अमुक घर आधीच ठरवून ठेवावे. दारूचे व्यसन हा आजार मानून त्यावर उपचार घेता येतात. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनींच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट ठेवला, कारण व्यसनात सारे घर होरपळते. त्याच जोडीला गावाने अड्ड्यांचा प्रश्न ग्रामसभेत घ्यावा. घरात वर्ग आणि चौकात गुत्ता, असे दोन्ही एकत्र चालत नाही.

आठवी बैठक निरोपाची. जे आईबाप हंगामासाठी जाणार आहेत त्यांनी मुलाला न सांगता पहाटे निघून जाऊ नये. मूल रडेल म्हणून असे करतात, पण मग ते रोज पहाटे दचकून उठते. कधी जाणार, कुठे जाणार, कोणत्या सणाच्या आसपास येणार, हे चार दिवस आधी सांगावे. फोनची वेळ ठरवावी, आणि ‘अभ्यास केला का’ याआधी ‘आज काय खाल्लेस, कुणाशी खेळलास’ हे विचारावे. आईची जुनी साडी पांघरायला ठेवावी. परतल्यावर मूल जवळ येत नसेल, रुसत असेल, अंथरूण ओले करत असेल तर रागावू नये. पुन्हा रुळायला त्याला काही आठवडे लागतात. मुलाला थळावर न्यावेच लागत असेल तर जवळच्या शाळेत त्याचे नाव लागावे म्हणून गावच्या शिक्षकांना निघण्याआधी भेटावे.

बाप आणावा कसा?

पहिल्या तीन बैठकांना फक्त आया आल्या तर निराश होऊ नये, पण ते तसेच चालूही देऊ नये. पुरुष व्याख्यानाला येत नाहीत, कामाला येतात. अंगणवाडीच्या आवारात झोका बांधायचा आहे, भिंत रंगवायची आहे, असे सांगून श्रमदान ठेवावे आणि मुलांनाही सोबत घ्यावे. हिवरे बाजारात गाव जोडले गेले ते अशाच खांद्याला खांदा लावून केलेल्या कामातून. काम संपल्यावर चहाला बसलेल्या बापांना एकच विचारावे: तुमच्या पोराच्या सर्वांत जवळच्या मित्राचे नाव काय? पुढचा तास आपोआप रंगतो.

वर्गात झेपणार नाही ते ओळखावे

गोलात बोललेले गोलातच राहील, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. त्याला अपवाद एकच: मुलाचा जीव किंवा देह धोक्यात असेल तेव्हा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणे २०१२च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. ‘गावातच मिटवू’ हा मार्ग उरत नाही. मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२ हे क्रमांक अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. बालविवाहाची कुजबुज कानावर आली तर ग्रामसेवकाला आणि सेविकेला लगेच सांगावे.

काही घरांना सल्ल्याआधी पैशाचा टेकू लागतो. एकल पालकांची, अनाथ किंवा संकटातील मुले क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत बसू शकतात. त्यात मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात होतो. वर्ग घेणाऱ्यांनी कागद जमवायला मदत केली, तर पालकांचा विश्वास व्याख्यानांपेक्षा लवकर बसतो. कुटुंब पार कोलमडले असेल तर संस्थांची दारे ठोठावावीत. उदाहरणार्थ, हिवरे बाजारात पवार सरपंच झाले त्याच १९८९ साली नगर शहरात गिरीश कुलकर्णी यांनी देहविक्रयाच्या वस्तीतील मुलांसाठी ‘स्नेहालय’ सुरू केले.

खर्च, नोंदी आणि मुहूर्त

चटया, चहा, खडू, रंग आणि वर्ग घेणाऱ्या अनुभवी आईला थोडे मानधन, एवढाच खर्च. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्चायची असते. तिच्यातून हा भागतो. गाव विकास आराखड्यात ‘बालस्नेही गाव’ हा विषय आहेच, त्यात पालकवर्ग नोंदवता येतो. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. मोठ्या मुलांच्या पालकांचा गट त्या समितीने चालवावा.

हजेरीपट भरला म्हणजे वर्ग जमला असे समजू नये. आठ आठवड्यांनी मुलांनाच विचारावे: घरी तुझ्याशी कोण खेळते? तुला भीती वाटली तर कुणाकडे जातोस? या आठवड्यात कुणी मारले का? हेच प्रश्न पहिल्या आठवड्यातही विचारून उत्तरे, नावे न लिहिता, टिपून ठेवावीत. फरक पडला की नाही ते दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर कळते. नाही पडला, तर कोणती बैठक पुन्हा घ्यायची तेही कळते.

विषय मांडायला १ मे किंवा १५ ऑगस्टची ग्रामसभा बरी. मेमध्ये ठराव झाला तर पेरणीची घाई उरकल्यावर जुलैत पहिला गट बसतो. ऑगस्टमध्ये झाला तरी लगेच आरंभ केल्यास ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी आठही बैठका होतात, आणि निरोपाची बैठक ट्रक दारात लागण्याच्या आदल्या आठवड्यात येते. तेव्हा तिथे बसलेल्या आजीच्या हाती मुलाच्या फोनच्या वेळेचा, औषधांचा आणि १०९८चा कागद देऊन ठेवावा.